एएमजी वन उशिरा आली नाही, तिची तारीखच चुकली होती

सप्टेंबर २०१७ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये मर्सिडीजने ‘प्रोजेक्ट वन’चा पडदा उघडला. फॉर्म्युला वनचं १.६ लिटरचं व्ही-सिक्स टर्बो इंजिन, नंबरप्लेट लावून रस्त्यावर फिरवायच्या गाडीत! फक्त २७५ गाड्या, किंमत कर सोडून २२ लाख ७५ हजार युरो, आणि डिलिव्हरी २०१९ मध्ये. प्रत्यक्षात हीच गाडी उत्पादनातली ‘एएमजी वन’ म्हणून जगासमोर आली १ जून २०२२ रोजी, आणि पहिली गाडी ग्राहकाच्या हातात पडली जानेवारी २०२३ मध्ये.

मधल्या वर्षांवरून गाडीवेड्यांमध्ये अजून वाद होतो. काही जण म्हणतात, कंपनीला जमलं नाही, झेपत नसताना उडी मारली. काही म्हणतात, एवढ्या वरच्या दर्जाची गाडी म्हटल्यावर उशीर होणारच, थांबायची तयारी ठेवा. मला दोन्ही पटत नाही. काम जेवढा वेळ घेतं तेवढाच त्यांनी घेतला. चुकली ती तारीख, आणि ती २०१९ उजाडल्यावर चुकली नाही, २०१७ मध्ये जाहीर केली त्याच दिवशी चुकलेली होती. इंजिन थंड असताना सुरू होऊन धुराच्या चाचणीत पास होतं का, हे हाती येण्याआधी हायपरकारची, म्हणजे अशा अतिवेगवान आणि मोजक्याच बनणाऱ्या गाडीची, तारीख देऊच नये.

महिने मोजून बघा. मॅकलॅरेन एफ-वन ही रस्त्यावरची गाडी बांधायचं ठरलं सप्टेंबर १९८८ मध्ये, इटालियन ग्रांप्रीनंतर मिलानच्या लिनाते विमानतळावर. पहिल्या ग्राहकाला गाडी मिळाली डिसेंबर १९९३ मध्ये. म्हणजे ६३ महिने. अ‍ॅस्टन मार्टिन वाल्किरी दाखवली जुलै २०१६ मध्ये, पहिली ग्राहकाची गाडी तयार झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. ६४ महिने. एएमजी वन, सप्टेंबर २०१७ ते जानेवारी २०२३, पुन्हा ६४ महिने. यात एफ-वनचे महिने निर्णयापासून मोजलेत आणि बाकी दोघींचे जाहीर दर्शनापासून, त्याआधीही त्यांच्यावर काम चालू होतंच. म्हणजे खरा आकडा त्यांच्या बाबतीत आणखी मोठा. तरी मुद्दा दिसतो. तीन वेगळ्या कंपन्या, तीस वर्षांचं अंतर, कॉम्प्युटरची ताकद किती पटींनी वाढली, आणि वेळ मात्र पाच वर्षांच्या खाली येत नाही. मग २०१७ मध्ये दाखवलेली गाडी २०१९ मध्ये कशी मिळणार होती?

घोडं पेंड खातं ते इंजिनापाशी, आणि तेही सगळ्यात कमी आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे). ११,००० आरपीएमला हे इंजिन खूश असतं, त्यासाठीच ते जन्माला आलंय. प्रश्न आयडलिंगचा आहे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिन शांतपणे फिरत राहण्याचा.

फॉर्म्युला वनचं इंजिन आपल्या गाडीसारखं चावी फिरवून सुरू होत नाही. पिस्टन, बेअरिंग यांच्यातलं अंतर गरम इंजिनाच्या मापाने ठेवलेलं असतं. म्हणून आधी तेल आणि पाणी बाहेरून गरम करून आत फिरवायचं आणि मग इंजिन सुरू करायचं. सुरू झालं की साधारण ५,००० आरपीएमवर आयडल होतं. रस्त्यावरच्या गाडीत ते १,२०० पर्यंत खाली आणायचं होतं. ऐकायला एवढंच काम. पण त्याचा हिशेब मांडला की अंगावर येतो.

सहा सिलिंडर, चार स्ट्रोक. ५,००० आरपीएमला सेकंदाला २५० स्फोट होतात, म्हणजे दर चार मिलिसेकंदांनी एक. १,२०० आरपीएमला सेकंदाला फक्त ६०, म्हणजे दोन स्फोटांमध्ये जवळपास १७ मिलिसेकंदांची पोकळी. ही पोकळी क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला जोडलेल्या फ्लायव्हील या चाकाच्या जडत्वाने भरून काढायची असते. फिरत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून १,२०० ला तोच क्रँक ५,००० च्या मानाने जेमतेम सतरावा हिस्सा ऊर्जा धरून ठेवतो. शिवाय रेसिंगचा क्रँक मुद्दाम हलका केलेला. एक स्फोट चुकला की आरपीएम धाडकन खाली येतात, पुढच्या सिलिंडरमध्ये हवा कमी-जास्त जाते, तोही नीट पेटत नाही. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग करते.

बरं, पेटत का नाही? एक सिलिंडर सुमारे २६६ सीसीचा, आपल्या ३५० च्या बुलेटपेक्षाही लहान. त्याचे पोर्ट (हवा आत येण्याच्या वाटा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हजारो आरपीएमवर भरपूर हवा ओढायला बनवलेले. १,२०० ला त्याच रुंद पोर्टमधून हवा इतकी सावकाश येते की पेट्रोल तिच्यात नीट मिसळत नाही, भिंतीला चिकटतं. इंजेक्टरला सोडायचं असतं थेंबभर पेट्रोल, आणि त्या थेंबातला किंचित फरकही टक्केवारीत मोठा पडतो. एएमजीने यासाठी दोन्ही तऱ्हेचं इंजेक्शन दिलं, सिलिंडरमध्ये थेट आणि पोर्टमध्येही. थेट इंजेक्शनचा दाब २७० बारपर्यंत. व्हॉल्व्हला स्प्रिंगऐवजी हवेचा दाब, फॉर्म्युला वनसारखाच. आणि वरची मर्यादा ११,००० वर ठेवली. त्याची दोन कारणं कंपनीनेच दिली आहेत. इंजिनाचं आयुष्य वाढावं, आणि पंपावर मिळणाऱ्या सुपर प्लस पेट्रोलवर ते चालावं.

न पेटलेलं पेट्रोल जातं कुठे? सायलेन्सरकडे, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, थोडक्यात कॅटवर. इथे दुसरी गाठ बसते. थ्री-वे कॅटला हवा-पेट्रोलचं प्रमाण रासायनिकदृष्ट्या अगदी काट्यावर लागतं. पेट्रोल जास्त झालं तर हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड निसटतात, हवा जास्त झाली तर नायट्रोजन ऑक्साइड. फॉर्म्युला वनमध्ये इंधनाच्या प्रवाहावर तासाला १०० किलोची मर्यादा होती, म्हणून ती इंजिनं मुद्दाम जास्त हवेवर, लीन चालवतात. २०१७ मध्येच मर्सिडीजने आपलं रेसिंग इंजिन डायनोवर (इंजिन बांधून तपासायच्या यंत्रावर) ५० टक्क्यांहून जास्त औष्णिक कार्यक्षमतेला पोचल्याचं सांगितलं होतं. पण कार्यक्षमतेचा तो मार्ग कॅटला मानवत नाही. रस्त्यासाठी ज्वलनाची घडीच नव्याने बसवावी लागते. ‘रेसिंगचं इंजिन उचलून गाडीत ठेवलं’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. धातूचे भाग ओळखीचे राहतात, पण त्यांच्याकडून करून घ्यायचं काम वेगळं असतं.

त्यात काळही कसा निवडला बघा. गाडी दाखवली सप्टेंबर २०१७ मध्ये, आणि युरोपात नव्या मॉडेलांसाठी डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी लागू झाली त्याच महिन्याच्या १ तारखेला. जुनी एनईडीसी चाचणी १,१८० सेकंदांची आणि सुमारे ११ किलोमीटरची होती. नवी १,८०० सेकंदांची, २३ किलोमीटरच्या वर, वेगही जास्त. गाडी आधी २३ अंशांच्या खोलीत किमान सहा तास उभी ठेवायची, इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, आणि मग पहिल्या क्षणापासून धूर पिशवीत गोळा करायचा. युरो ६ या युरोपच्या धूर-नियमाची मर्यादा किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडला ६० मिलिग्रॅम, आणि थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाला कणांची संख्या ६ गुणिले दहाचा अकरावा घात. वर प्रत्यक्ष रस्त्यावर यंत्र मागे लटकवून घ्यायची चाचणी वेगळी, आणि उणे ७ अंशांची वेगळी. गाड्या २७५च असल्या म्हणून धुराच्या या मर्यादा सैल होत नाहीत.

कॅट साधारण २५० ते ३०० अंशांवर कामाला लागतो. त्याआधीचे सेकंद सगळ्यात घाणेरडे. साध्या गाडीत इग्निशन उशिरा देऊन, आयडल वर चढवून धूर मुद्दाम गरम सोडतात आणि कॅट तापवतात. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) असला की अडचण, कारण धुरातली उष्णता आधी टर्बोचं लोखंडच पिऊन टाकतं. एएमजी वनमध्ये तर त्या टर्बोच्या शाफ्टवर ९० किलोवॅटची मोटरही बसवलेली आहे. यातून काढलेला मार्ग मला या गाडीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. गाडी निघते विजेवर. पुढच्या चाकांच्या दोन मोटर प्रत्येकी १२० किलोवॅटच्या, बॅटरी ८.४ किलोवॅट-तासांची, नुसत्या विजेवर १८ किलोमीटर जाते. तेवढ्यात बॅटरी कॅटनाही तापवते, आणि कॅट तापल्यावरच इंजिनाला सुरू व्हायची परवानगी मिळते. एकूण चार धातूचे तापवलेले कॅट, दोन सिरॅमिकचे, आणि धुरातले कण अडवणारे दोन पार्टिक्युलेट फिल्टर.

पण हा मार्ग कागदावर सुचणं आणि गाडीत बसणं यात वर्षं जातात, कारण इथे एकही बदल एकटा येत नाही. हे आठ भाग एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धुराच्या नळीत, घातले की मागचा दाब वाढतो. दाब वाढला की टर्बाइनला मिळणारी ऊर्जा बदलते, म्हणजे शाफ्टवरची मोटर परत मिळवते ती वीजही बदलते. कॅट टर्बोजवळ नेले तर लवकर तापतात, पण शेजारच्या कार्बन फायबरला उष्णतेची ढाल लागते. ढालीला जागा लागते, जागा मिळते ती मागच्या डिफ्यूझरच्या (गाडीखालची हवा बाहेर काढणाऱ्या भागाच्या) वरची, म्हणजे एअरोडायनॅमिक्सवाले भांडायला येतात. पाइपची लांबी बदलली की आवाज बदलतो. आणि ही साखळी फिरून आली की इंजिनाचा नकाशा (कधी किती पेट्रोल, कधी ठिणगी याचं कोष्टक) पुन्हा लिहायचा, पुन्हा सहा तास गाडी गार करायची, पुन्हा १,८०० सेकंद. दिवसाला एका गाडीच्या अशा थंड चाचण्या एक-दोनच होऊ शकतात. माणसं दुप्पट लावली तरी इंजिन दुप्पट वेगाने गार होत नाही! वेळापत्रक आखणारे नेमकं हेच विसरतात.

प्लग-इन हायब्रिडला, म्हणजे इंजिनासोबत चार्ज करता येणारी बॅटरी असलेल्या अशा गाडीला, आणखी एक अट असते. बॅटरी भरलेली असताना एकदा आणि उतरलेली असताना एकदा, दोन्ही तऱ्हेने चाचणी द्यावी लागते. बॅटरी उतरलेली असली की विजेवर मिरवत निघायची सोय मर्यादित होते. म्हणजे ‘हायब्रिड आहे ना, मग धुराचं काय एवढं’ हा वादातला नेहमीचा मुद्दा टिकत नाही.

आणि ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः तपासण्याची यंत्रणा. कुठल्या सिलिंडरने मिसिंग केलं हे गाडीने स्वतः ओळखून नोंदवायला हवं. हे ओळखतात क्रँकच्या वेगातल्या बारीक चढउतारांवरून. हलका क्रँक आणि त्याला गिअरने जोडलेली १२० किलोवॅटची मोटर, अशा जोडणीत चांगल्या स्फोटातही क्रँक थरथरतो. मिसिंगची थरथर आणि नेहमीची थरथर वेगळी काढणं हे डायनोवर बसून करायचं काम, आणि मेकॅनिकल भाग शेवटचे ठरल्याशिवाय ते सुरूच करता येत नाही.

आवाजाच्या नियमाबद्दल थोडक्यात. गाडी ठरलेल्या रेषेवर अ‍ॅक्सिलरेटर देते आणि मायक्रोफोनपुढून साधारण ५० किलोमीटर वेगाने जाते, मधल्या रेषेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन. अंगभूत किंकाळणाऱ्या इंजिनाला ही चाचणी नकोशी असते, पण धुराइतकी ती वेळ खात नाही.

इंजिनाबाहेरही वेळ खाणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली सगळ्यात कमी चर्चेत येणारी म्हणजे हिवाळा. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, पुढच्या चाकांना सुटासुटा टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणाऱ्या मोटर, हे सगळं बर्फावर बसवावं लागतं. उणे ३० अंशांची खोली कारखान्यात करता येते, पण गोठलेलं तळं नाही करता येत. युरोपातल्या कंपन्या त्यासाठी उत्तर स्वीडनमध्ये आर्येप्लॉगला जातात, आणि तिथली तळी गाड्या चालवण्याइतकी गोठतात ती साधारण जानेवारी ते मार्च. प्रोटोटाइप मार्चच्या शेवटी तयार झाला तर उशीर दोन आठवड्यांचा दिसतो, पण प्रत्यक्षात तो पुढच्या जानेवारीपर्यंतचा असतो. विमानाने गाड्या न्यूझीलंडला नेऊन तिकडच्या जून-सप्टेंबरच्या हिवाळ्यात काम करता येतं, अनेक कंपन्या करतातही. तेव्हा उशीर काही महिन्यांवर येतो, पण संपत नाही. एक हिवाळा पुरतो असंही नाही. पहिल्यात चुका सापडतात, दुसऱ्यात त्या सुधारल्या की नाही ते कळतं. म्हणून वेळापत्रक महिन्यांत नाही, हिवाळ्यांत मोजावं. उन्हाळ्याचंही तेच, फक्त उष्ण प्रदेश शोधणं सोपं. तिथेही काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे मॅकलॅरेन एफ-वनचा पहिला प्रोटोटाइप एक्सपी-वन. १९९३ मध्ये नामिबियात उष्ण हवामानाची चाचणी चालू असताना त्याचा अपघात झाला आणि गाडी संपली.

एफ-वनच्या बाबतीत तिचे आरेखक गॉर्डन मरे यांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली होती. खरी गाडी तयार व्हायच्या आधीच अल्टिमा नावाच्या किट कारवर दोन म्यूल (चाचणीपुरत्या जोडलेल्या गाड्या) बांधले, अल्बर्ट आणि एडवर्ड. अल्बर्टमध्ये शेव्हरलेचं व्ही-एट टाकून गिअरबॉक्स आणि चालकाची मधोमध असलेली सीट तपासली, एडवर्डमध्ये बीएमडब्ल्यूचं व्ही-ट्वेल्व्ह. म्हणजे बॉडीची वाट न बघता यंत्रं आधी फिरायला लागली. हायपरकारच्या वेळापत्रकात खरोखर वाचवता येण्याजोगा वेळ कुठे असेल तर तो इथे.

सुटे भाग बनायलाच किती वेळ लागतो हेही डोळ्यांसमोर हवं. वाल्किरीच्या ६.५ लिटर व्ही-ट्वेल्व्हचा क्रँक घ्या, इंजिन कॉसवर्थ या कंपनीने बनवलेलं. सुरुवात होते १७० मिलिमीटर जाड आणि ७७५ मिलिमीटर लांब अशा भरीव पोलादी दांड्यापासून. आधी ढोबळ कातायचा, मग हीट ट्रीटमेंट, मग फिनिश मशीनिंग, पुन्हा हीट ट्रीटमेंट, गिअर ग्राइंडिंग, शेवटचं ग्राइंडिंग, सुपर पॉलिश. दांड्याचा ८० टक्के भाग चुऱ्यात जातो आणि एका क्रँकला सुमारे सहा महिने लागतात. आता डायनोवर या क्रँकमध्ये नको त्या आरपीएमला पिळाची कंपनं सापडली, तर सुधारलेला क्रँक हाती यायला अर्धं वर्ष. अनुभवी माणूस म्हणून पहिल्याच ऑर्डरमध्ये थोड्या वेगळ्या मापांचे दोन-तीन प्रकार मागवून ठेवतो. पैसे वाया जातात, पण सहा महिने वाचतात.

कॉसवर्थने आणखी एक पायरी घेतली होती, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर तिच्यात आहे. बारा सिलिंडरचं इंजिन बांधण्याआधी त्यांनी त्याच मापाच्या सिलिंडरचं तीन सिलिंडरी, १.६ लिटरचं चाचणी इंजिन बांधलं. ताकद मिळते का आणि धूर नियमात बसतो का, हे त्या छोट्या इंजिनावर तपासलं आणि मग मोठं इंजिन घडवलं. पाया आधी, कळस नंतर. वाल्किरीलाही पुढे उशीर झालाच, गाडीचं बाकीचं यंत्र गुंतागुंतीचं होतं आणि कंपनीही आर्थिक ओढाताणीत होती. पण इंजिन ११,१०० आरपीएमपर्यंत फिरत होतं आणि नियमातही बसलं. पुढे गॉर्डन मरे यांच्या टी-५० साठी कॉसवर्थनेच ३.९ लिटरचं व्ही-ट्वेल्व्ह केलं, तेव्हा ही सगळी शिदोरी जवळ होती. टर्बो नाही, हायब्रिड नाही, हाताचा सहा गिअरचा गिअरबॉक्स. जून २०१९ मध्ये घोषणा, ऑगस्ट २०२० मध्ये दर्शन, २०२३ मध्ये ग्राहकांकडे. मधे कोविड असूनही सुमारे चार वर्षं. गाडीतल्या यंत्रणा कमी केल्या की कॅलेंडर लहान होतं, याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

क्रॅश टेस्टची भीती लोकांना उगाच जास्त वाटते. समोरून ४० टक्के भागावर ५६ किलोमीटर वेगाची धडक, बाजूने ५० ची, खांबावर ३२ ची, या चाचण्या ठरलेल्या आहेत आणि सिम्युलेशन इथे चांगलं जमतं. कार्बनचा मोनोकॉक (गाडीचा एकसंध सांगाडा, म्हणजेच टब) शाबूत राहतो, चुरा होतो तो धक्का पिण्यासाठीच दिलेल्या पुढच्या भागाचा, म्हणून तोच टब नवा पुढचा भाग लावून पुन्हा आपटता येतो. वेळ जातो तो पहिला टब मिळेपर्यंत. पॅटर्न, त्यावरून साचा, फ्रीजरमधून काढलेल्या प्रीप्रेगचे (रेझिन मुरवलेल्या कार्बन कापडाचे) थर हाताने लावणं, ऑटोक्लेव्ह या भट्टीत दाब आणि उष्णता. साचा बनल्यानंतर कुणी एक माउंटिंग सरकवायला सांगितलं तर सगळी रांग मागे जाते.

टायरचं गणित मात्र वेगवान गाड्यांत खरंच जीवघेणं आहे. बुगाटी व्हेरॉनच्या मागच्या टायरचा व्यास ७१० मिलिमीटर. ताशी ४०७ किलोमीटरला त्याच्या पृष्ठभागावरचं एक ग्रॅम रबर सुमारे ३.७ किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं. व्हेरॉनवर काम करणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न होता, उष्णतेचा. १,००१ हॉर्सपॉवर चाकांना द्यायची तर त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता बाहेर फेकावी लागते, म्हणून गाडीत दहा रेडिएटर. बुगाटी ज्यांच्या ताब्यात होती त्या फोक्सवॅगनच्या फर्डिनांड पिएख यांनी ताकद आणि वेग दोन्ही आधी जाहीर केले, बॉडीचा आकारही आधी ठरवला आणि मग इंजिनियरांना त्यात यंत्र बसवायला सांगितलं. २००३ चं म्हटलेलं उत्पादन २००५ मध्ये सुरू झालं. तिथेही आधी तारीख आणि नंतर मोजमाप.

‘धुराचाच प्रश्न असेल तर इलेक्ट्रिक करा, उशीर होणार नाही’ असं आता बरेच जण म्हणतात. त्यासाठी उदाहरण आपल्या घरचं आहे. ऑटोमोबिली पिनिनफारिना ही कंपनी मुंबईच्या महिंद्राची. तिची बॅटिस्टा मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाला दाखवली, १२० किलोवॅट-तासांची बॅटरी, चार मोटर, १,९०० हॉर्सपॉवर, १५० गाड्या. पॉवरट्रेन क्रोएशियाच्या रिमाककडून घेतलेली, म्हणजे सगळ्यात अवघड भाग बाहेर आधीच शिजत होता. तरी २०२० ची गाडी ग्राहकांना २०२२ मध्ये मिळाली. कोविडचा वाटा आहेच. पण कॅट नसले तरी बॅटरीची उष्णता असते, चार चाकांचा टॉर्क मिलिसेकंदांत वाटणारं सॉफ्टवेअर असतं, आणि तेच हिवाळे असतात. रिमाकचीही तीच कथा. सी-टू मार्च २०१८ मध्ये दाखवली, तयार नेव्हेरा जून २०२१ मध्ये. विजेने धुराची गाठ सुटते, त्याने वर्ष-दीड वर्ष वाचत असेल. पाचाचे दोन होत नाहीत. (बॅटिस्टा २०२२ मध्ये इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्सवर पाव मैल ८.५५ सेकंदांत गेली, हे वाचून खरंच अभिमान वाटला होता.)

मग नव्या हायब्रिड हायपरकारचं प्रामाणिक वेळापत्रक कसं असावं? माझा हिशेब असा. पहिले नऊ-दहा महिने एक किंवा तीन सिलिंडरच्या चाचणी इंजिनावर, फक्त ज्वलन, आयडल आणि थंड सुरुवात. त्याच वेळी दुसऱ्या गाडीच्या सांगाड्यावर गिअरबॉक्स आणि मोटरचे म्यूल. दीड वर्षाच्या आसपास पूर्ण इंजिन डायनोवर, शेवटच्या मापाच्या एक्झॉस्टसकट. तात्पुरत्या एक्झॉस्टवर मिळालेले आकडे धरून पुढे गेलं की नंतर सगळं पुन्हा करावं लागतं. मोनोकॉकच्या साच्याची ऑर्डर त्यानंतर, आधी नाही. दोन ते अडीच वर्षांत खरे प्रोटोटाइप, मग दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे. टायरवाल्यांना मात्र वजन आणि डाउनफोर्सचे (हवा गाडीला खाली दाबते त्या जोराचे) आकडे पहिल्याच वर्षी द्यायचे आणि नंतर गाडीचं वजन वाढू द्यायचं नाही. एएमजी वन १,६९५ किलोवर थांबली, आणि हायब्रिडमध्ये प्रत्येक आवृत्तीला वजन वाढायचीच ओढ असते. चौथ्या वर्षात कॅलिब्रेशन (सॉफ्टवेअरची बारीक जुळवणी) आणि मान्यता. शेवटचे सहा महिने उत्पादनाच्या हत्यारांवर बनलेल्या पहिल्या काही गाड्यांसाठी, कारण प्रोटोटाइप बांधणारे हात आणि गाड्या जोडणारे हात वेगळे असतात. एएमजी वनचं इंजिन इंग्लंडमधल्या ब्रिक्सवर्थला बनलं आणि गाडी कॉव्हेंट्रीला जोडली गेली. एकूण साठ महिने, आणि तेही काही मोठं बिघडलं नाही तर.

यावर येणारा आक्षेप मला समजतो. पाच वर्षांनी गाडी मिळेल असं सांगितलं तर आज पैसे कोण भरेल? छोट्या कंपनीच्या बाबतीत हे खरं आहे, तिथे बुकिंगच्या पैशांवरच काम चालतं. मर्सिडीजला ती अडचण नव्हती. २७५ गाड्यांसाठी मागणी त्याहून कितीतरी जास्त होती, आणि घेणाऱ्यांनी २०२२ ची तारीख ऐकूनही रांग सोडली नसती. उलट गाड्या रखडल्यावर माणसांची जी दमछाक होते, घाईने घेतलेले निर्णय परत फिरवण्यात जे महिने जातात, ते खऱ्या तारखेने वाचले असते. त्याच २०१७ च्या नोव्हेंबरात टेस्लाने नवी रोडस्टर २०२० साठी जाहीर केली होती. ती २०२५ पर्यंतही ग्राहकांपर्यंत पोचली नाही. तिच्या शेजारी ठेवून पाहिली तर एएमजी वनच्या माणसांनी काय पार पाडलं याची किंमत कळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारो एंगेल यांनी उत्पादनातलीच गाडी जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ या अर्धवट ओल्या रेसट्रॅकवर ६ मिनिटं ३५.१८३ सेकंदांत फिरवली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ६ मिनिटं २९.०९० मध्ये. इंजिन तेच, १,२०० ला शांत आयडल होणारं.

पुढची हायपरकार जाहीर होईल तेव्हा हॉर्सपॉवर बाजूला ठेवून हे विचारा: इंजिन थंड सुरू होऊन पूर्ण १,८०० सेकंदांची फेरी पास झालंय का? ते इंजिन शेवटच्या एक्झॉस्टसकट होतं का? प्रोटोटाइप किती आहेत? आणि येत्या जानेवारीत त्यातला एक तरी आर्येप्लॉगच्या बर्फावर असणार आहे का?